कोऱ्या फळ्यांची जमीन

घाटात किंवा कोकणात पाच-दहा गुंठे घेऊन एक-दोन खोल्यांचं लाकडी घर बांधायचं ठरलं, की जमिनीबद्दल एक वाक्य हल्ली हमखास ऐकू येतं: ‘खाली लाकूडच घालू, आणि तेही पॉलिश न करता, रस्टिक.’ या वाक्यामागे तीन समजुती असतात. पॉलिश नाही म्हणजे खर्च कमी. खडबडीत चालतं म्हणजे सुताराचं कसब थोडं कमी असलं तरी भागेल. आणि लाकूड नैसर्गिक आहे म्हणजे ते आपलं आपण राहील. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. जमीन एकदा घालायची आणि विसरायची, ही सवय आपल्याला फरशीने लावली. तीच सवय आपण लाकडावर लादतो.

माझं म्हणणं असं आहे: कोऱ्या लाकडाची जमीन फरशीच्या कुळातली नाही, ती सारवलेल्या भुईच्या कुळातली आहे. पॉलिश वगळल्याने काम वाचत नाही, ते सरकतं. काही काम फळी बसण्याच्या आधी जातं, काही फळीच्या खाली जातं आणि उरलेलं पुढच्या सगळ्या वर्षांत पसरतं. ही तिन्ही कामं करायची तयारी असेल, तर लहान घराला याहून चांगली जमीन मला माहीत नाही. तयारी नसेल तर सरळ फरशी घालावी.

‘कोरं’ हा शब्द मी कोऱ्या कापडावरून घेतला आहे. ज्याच्यावर वॉर्निश, लॅकर किंवा पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढवलेला नाही, ते कोरं लाकूड. रंधा मारलेलं लाकूड कोरं असू शकतं, तेल पाजलेलंही जवळपास कोरंच. ‘कोरं’ म्हणजे ‘ओबडधोबड’ असं समजून करवतीच्या दातांचे ओरखडे तसेच ठेवणारे लोक पहिल्याच आठवड्यात पायात कुसळं भरून घेतात. त्या ओरखड्यांत माती बसते ती निघत नाही. जमिनीचा जुनेपणा पावलांनी यायचा असतो, करवतीने नाही.

१. लाकूड वाळलं तरी थांबत नाही

सगळ्या युक्तिवादाचा पाया लाकडाच्या एका स्वभावात आहे. झाड कापल्यावर आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं. त्याने लाकूड हलकं होतं, आकसत मात्र नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला, की पेशींच्या भिंतींतलं पाणी सुटू लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. पुढे हवा जितकी दमट तितकं लाकूड पाणी घेतं, हवा कोरडी झाली की सोडतं. फळी शंभर वर्षांची झाली तरी हे चालूच राहतं.

लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच. तो असतो रुंदीत, आणि तिथेही ओंडका कसा कापला यावर अवलंबून. वर्षावलयांना समांतर, म्हणजे स्पर्शरेषेत कापलेली फळी ही केंद्राकडून कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. सागाचा लौकिक इथेच आहे. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग स्पर्शरेषेच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, केंद्राच्या दिशेने २.५ टक्के. अमेरिकी व्हाइट ओकसाठी हेच आकडे १०.५ आणि ५.६ आहेत.

आता हे आपल्या हवेत आणून बसवू. हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांकडे जातो. आर्द्रता ८० टक्के असेल तर १६कडे, ९० टक्के असेल तर २०कडे. घाटमाथ्यावर मार्च-एप्रिलची दुपार आणि जुलैची रात्र ही दोन्ही टोकं एकाच वर्षात येतात. महाबळेश्वरला तर पाऊसच साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. लाकूड हवेच्या मागून सावकाश चालतं, म्हणून टोकं सोडून देऊ आणि ८ ते १६ टक्के एवढाच फरक धरू. सहा इंची म्हणजे दीडशे मिलिमीटरची, स्पर्शरेषेत कापलेली सागाची फळी तेवढ्यात सव्वादोन मिलिमीटर रुंदावते. दहा फुटांच्या खोलीत अशा वीस फळ्या बसतात. म्हणजे दोन भिंतींच्या मधली जमीन वर्षातून एकदा साडेचार सेंटिमीटर वाढू पाहते. ओक असेल तर जवळपास दुप्पट.

घाटमाथ्यावरच्या एका घरात मे महिन्यात फळ्या इतक्या चपखल बसवल्या होत्या, की सांध्यात पोस्टकार्ड जात नव्हतं. जुलैत दार उघडलं तेव्हा मधल्या चार फळ्या तंबूसारख्या उठलेल्या होत्या. सुताराने काम मनापासून केलं होतं. चपखलपणाच नडला.

२. आधीचं काम: वाळवण

पापड-कुरडयांचं वाळवण आपल्याला कळतं. लाकडाचं कळत नाही, कारण वखारीतून आलेली फळी कोरडीच दिसते. हवेवर वाळवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना ठोकताळा आहे. भट्टीत वाळवलेलं लाकूड घेतलं तरी काम संपत नाही. ते लाकूड जिथे राहणार आहे तिथल्या हवेशी त्याची ओळख व्हावी लागते. फळ्या त्याच घरात, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवायच्या आणि दोन-तीन फळ्यांचं वजन दर आठवड्याला करायचं. वजन स्थिर झालं की फळी तयार. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच, पण साधा काटाही खोटं बोलत नाही.

पॉलिशवाल्या तयार फळ्यांचं हे काम बरंचसं कारखान्यात झालेलं असतं, आणि त्याचे पैसे आपण मोजलेले असतात. कोरी फळी स्वस्त दिसते कारण हे काम तिच्या किमतीत धरलेलं नसतं.

लहान घराच्या या सगळ्या स्वप्नाचा मूळपुरुष म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. दुर्गा भागवतांच्या ‘वॉल्डनकाठी विचार-विहार’मुळे तो मराठी वाचकाला परका नाही. १८४५मध्ये त्याने बांधलेली दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली, २८ डॉलर साडेबारा सेंटचा हिशेब आणि एकांत हे सगळ्यांना आठवतं. त्याने एका रेल्वे-मजुराचं खोपट सव्वाचार डॉलरना विकत घेऊन मोडलं, खिळे उपसले आणि त्या फळ्या गवतावर उन्हात पसरून ठेवल्या, हे सहसा आठवत नाही. फळ्यांचा रंग उजळावा आणि वाकलेल्या फळ्या पुन्हा सरळ व्हाव्यात, यासाठी. म्हणजे आपल्या ‘रस्टिक’ आदर्शाच्या घराच्या पहिल्या कामांपैकी एक वाळवण हे होतं.

३. खालचं काम: वारा

जुन्या वाड्यांत लाकूड कुठे आहे ते आठवून पाहा. तुळया, खांब, माडीची तक्तपोशी, जिना, माळा. तळमजल्याला सारवलेली भुई किंवा दगडी फरशी. साग ज्यांच्या दाराशी होता त्या मुलखातही जमिनीला टेकवून फळ्या घालण्याची रीत सहसा दिसत नाही. लाकडाला त्यांनी दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी जागा दिली आणि ओलीचा सामना मातीकडे व दगडाकडे सोपवला. यात मला नुसती काटकसर दिसत नाही, लाकडाची जाण दिसते.

आपण तळमजल्याला लाकूड घालणार असू, तर तळमजला कृत्रिमपणे ‘वर’ न्यावा लागतो. जमिनीपासून निदान दीड फूट उंच चौथरे, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि खालच्या पोकळीत समोरासमोर उघड्या वाटा. खालच्या मातीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला की मातीतून उठणारी वाफ बरीच अडते. चौथरे जांभ्याचे असतील तर लक्षात ठेवावं, की जांभा पाणी पितो. चिरा आणि तुळई यांच्यामध्ये डांबरी कागद किंवा पत्र्याचा तुकडा हवाच, नाहीतर पावसाळाभर चिरा तुळईला पाणी पाजत राहील.

हे सगळं कशासाठी? लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा जगत नाही. वर पाहिलंच, की ९० टक्के आर्द्रतेत लाकूड कुठलीही गळती नसताना नेमकं त्या उंबरठ्याशी येऊन उभं राहतं. तिथून पुढे ढकलायला खालची कोंडलेली ओल पुरते. वाळवीचंही तसंच. ती मातीच्या नळ्या बांधत वर चढते. चौथरा उघडा असेल तर त्या नळ्या डोळ्यांना दिसतात आणि हाताने मोडता येतात. सागाचा गाभा तिला सहज दाद देत नाही, पण कडेचा पांढरट भाग देतो, आणि ‘रस्टिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फळ्यांत नेमका तोच भाग भरपूर असतो.

ज्यांनी आधीच काँक्रीट ओतलं आहे त्यांच्यासाठी एकच वाक्य: नव्या काँक्रीटच्या दर इंचाला वाळायला साधारण एक महिना लागतो, आणि तोवर त्यावर ठेवलेलं लाकूड त्याचं पाणी पिणार.

४. बसवणं म्हणजे मोकळीक ठेवणं

फळी घट्ट बसवायची की सैल, हा प्रश्नच अपुरा आहे. ती हलणार हे मान्य करून तिला हलायची दिशा द्यायची असते. रुंद फळीच्या दोन्ही कडांना खिळे ठोकले तर उन्हाळ्यात आकसताना ती मधून फाटते. म्हणून एका कडेला खिळा आणि दुसरी कड शेजारच्या फळीच्या खाचेत नुसती अडकलेली, किंवा दोन्ही खिळे मध्याजवळ. भिंतींच्या कडेने बोटभर जागा, वरून पट्टीने झाकलेली. सहा इंचीपेक्षा तीन-चार इंची फळी शहाणपणाची, कारण तेवढीच हालचाल मग जास्त सांध्यांत वाटली जाते.

सांध्यांतली फट किती, हे महिन्यावर ठरतं. एप्रिलमध्ये कोरड्या फळ्या बसवत असाल तर फट सोडा. मध्ये खिळा उभा धरून अंतर राखायची सुताराची रीत उत्तम. पावसाळ्याच्या शेवटी बसवत असाल तर जवळ बसवा, उन्हाळा फट आपोआप पाडेल. आणि साधे लोखंडी खिळे टाळा. ओकसारख्या तुरट लाकडाशी ओल्या हवेत लोखंडाची गाठ पडली, की खिळ्याभोवती शाईसारखा काळा डाग उतरतो. तो वरवर पुसून जात नाही.

‘खडबडीत आहे, चालून जाईल’ या समजुतीचा निकाल इथे लागतो. जे काम पॉलिशच्या थराखाली झाकलं जातं ते इथे उघडं राहतं. कोऱ्या जमिनीला सुतार अधिक चांगला लागतो.

५. नंतरचं काम: हात

सारवलेली भुई पक्की नव्हती. ती आठवड्याला, सणावाराला नवी होत असे. तिचं टिकणं तिच्या पदार्थात नव्हतं, तिच्या वारंवारतेत होतं. कोऱ्या लाकडाचा जगभरचा इतिहास हेच सांगतो. स्कँडिनेव्हियात कोऱ्या पाइनच्या फळ्या साबणाच्या पाण्याने घासत. साबण रंध्रांत बसून फळी पांढरट आणि मऊ होत जाते. जपानी घरांत आणि देवळांत कोऱ्या लाकडावर कोंड्याची पुरचुंडी फिरवत. तांदळाच्या कोंड्यातलं तेल त्यात हळूहळू मुरतं. आणि थोरो? जमीन मळली की तो सकाळी सामान बाहेर गवतावर मांडे, जमिनीवर पाणी ओते, तळ्याकाठची पांढरी वाळू टाके आणि झाडूने घासून काढे. घरकाम त्याला आनंदाचा विरंगुळा वाटे, असं त्यानेच लिहिलं आहे.

आपल्या घरात या कामाला एक मोठी मदत आधीच आहे: चपला बाहेर राहतात. कोऱ्या लाकडाचा खरा शत्रू बुटाखालची कच आहे, अनवाणी पाऊल नाही. डागांचं शास्त्रही आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तेल सांडलं तर मुलतानी मातीचा जाड लेप देऊन रात्रभर ठेवावा, माती तेल ओढून घेते. हळद सांडली तर साबण लावायची घाई करू नये, साबणाच्या क्षाराने ती लाल होते. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि त्या जागी ऊन येऊ द्यावं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. तेल पाजायचं असेल तर जवसाचं, पातळ हाताने. कोकणात होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल खालच्या तुळयांसाठी. जवसाच्या तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवावीत.

आक्षेप पहिला: मग पापुद्राच का नको?

पॉलियुरेथेन एवढं मजबूत असताना हा सगळा खटाटोप कशाला? कारण पापुद्रा ओलावा अडवत नाही, फक्त उशीर करतो, आणि तोही बहुधा वरच्याच बाजूने. पावसाळ्यात खालून ओल चढते, फळीचं पोट फुगतं, पाठ मागे राहते. कडा उचलल्या जाऊन फळी पन्हाळीसारखी होते. घाबरून कोणी त्याच वेळी यंत्राने कडा घासून सपाट केल्या, तर मार्चमध्ये तीच फळी उलटी पाठ काढते. वर पापुद्रा जिथे झिजतो तिथे ठिगळ नीट बसत नाही. बहुधा सगळी खोली घासून पुन्हा थर द्यावे लागतात. कोऱ्या जमिनीवर हातभर जागा खराब झाली तर हातभरच घासावी लागते. न्हाणीत, मोरीजवळ, भाड्याने द्यायच्या घरात पापुद्रा किंवा फरशीच योग्य, हे मी मान्य करतो.

आक्षेप दुसरा: घर एवढंसं, त्यात काय एवढं?

लहान घरात लाकूड कमी लागतं, म्हणून चांगलं लाकूड परवडतं, हे खरं. पण लहान घरात एकाच जमिनीवर स्वयंपाक, झोप, ओले पाय आणि पावसाळी छत्री हे सगळं येतं. आणि असं घर महिना-महिना बंद असतं. बंद घरात ओल कोंडते, खिडकी उघडायला कोणी नसतं. आकार लहान असला तरी जमिनीवरचा ताण मोठाच.

आक्षेप तिसरा: जुनं लाकूड घेतलं तर?

पाडलेल्या वाड्यांचा साग घेणं अनेक अर्थांनी चांगलं. नवं झाड पडत नाही आणि जुन्या झाडाचा गाभा दाट असतो. पण ‘जुनं लाकूड आता हलत नाही’ ही समजूत खोटी आहे. ते हवेबरोबर तसंच हलतं. त्यातले मोडके खिळे रंध्याचं पातं खातात, आणि वाड्याच्या तुळईतून चिरलेली नवी फळी आतून पुन्हा नव्याने वाकू शकते. जुन्यालाही वाळवण चुकत नाही.

आक्षेप चौथा: घासणार कोण?

हा खरा आक्षेप आहे, आणि तो माझ्या उपमेच्या मुळावर येतो. भुई सारवली ती बायकांनी. गुडघ्यांवर बसून, वाकून, पिढ्यान्‌पिढ्या. फरशी आली तेव्हा त्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. सारवलेल्या भुईचा गारवा आठवून हळहळले ते बहुतेक पुरुष. आज आठवड्याअखेरच्या घरात ‘रस्टिक’ जमीन घालून सोमवारी आपण शहरात परतणार आणि तिला घासणार ती राखणदाराची बायको, असं होणार असेल, तर ती जमीन म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर बांधलेली हौस आहे.

याला माझ्यापाशी एकच उत्तर आहे, आणि ते थोरोच्या खोलीतून येतं. त्याची जमीन तो स्वतः घासत होता. दहा बाय पंधरा फूट हा आकार एका माणसाला एका सकाळी घासता येतो. लहान घर आणि कोरं लाकूड यांचं नातं मला इथे दिसतं, त्या दोघांच्या देखणेपणात नाही. जमीन तेवढीच असावी जेवढी मालकाला स्वतःच्या हाताने राखता येईल.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी एक करून पाहावं. दोन-तीन कोऱ्या फळ्या आणाव्यात, त्या घरातच, दाराजवळ मांडाव्यात आणि एक पावसाळा त्यांच्यावरून ये-जा करावी. दर शनिवारी त्या स्वतः घासाव्यात, दसऱ्याला पाहाव्यात. फळ्या काळ्या पडल्या असतील आणि घासायचं दोन शनिवारांनंतर राहून गेलं असेल, तर फरशीचं दुकान गाठावं. फळ्या करड्या, मऊ झाल्या असतील आणि हातालाही घासायची सवय लागली असेल, तर उरलेल्या फळ्या वाळत घालायला हरकत नाही.